मुंबई ते लंडन : आकाशमार्गाचा हिशेब

मुंबईच्या विमानतळापासून लंडनच्या हीथ्रो विमानतळापर्यंतचे अंतर किती, असे कोणी विचारले तर सुमारे ७,२०० किलोमीटर हे उत्तर तत्काळ देता येते, आणि ते चुकीचेही नाही. परंतु त्या आकड्याच्या आधारे प्रवासास किती वेळ लागेल याचा अदमास बांधू पाहणारा मनुष्य लवकरच संभ्रमात पडतो, कारण ज्या वाटेची ही लांबी आहे त्या वाटेने आज एकही विमान जात नाही, आणि ज्या वाटेने विमाने जातात तिची लांबी एका दिवशी एक तर दुसऱ्या दिवशी दुसरी भरते. मुंबईहून जाताना साडेनऊ-दहा तास आणि तिकडून परतताना बहुधा त्याहून तास-दीड तास कमी, हा या मार्गावरील नित्याचा अनुभव असून, तेच अंतर, तेच यंत्र आणि तोच वेग असताना काळात एवढी तफावत का पडावी, हा प्रश्न ज्याने एकदा मनावर घेतला त्याला भूमितीपासून वातावरणशास्त्रापर्यंत आणि राज्याराज्यांतील तहनाम्यांपासून घड्याळाच्या इतिहासापर्यंत पुष्कळ मुलूख फिरून यावे लागते. माझ्या मते हा फेरफटका करण्याजोगा आहे. आपल्या काळातील इतक्या सामान्य झालेल्या गोष्टीत इतके ज्ञान साठलेले क्वचितच आढळते.

आरंभ भूमितीपासून करणे उचित होय. गोलाच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळची वाट म्हणजे ते दोन बिंदू आणि गोलाचा मध्य यांतून जाणारे प्रतल पृष्ठभागाला जेथे छेदते ती रेषा. तिलाच बृहद्वृत्त अशी संज्ञा आहे. विषुववृत्त हे एक बृहद्वृत्त, प्रत्येक रेखावृत्त हे बृहद्वृत्ताचे अर्धे अंग. परंतु विषुववृत्ताखेरीज अन्य कोणतेही अक्षवृत्त बृहद्वृत्त नसल्यामुळे, एकाच अक्षांशावरील दोन शहरांमध्ये त्या अक्षवृत्तावरून सरळ पूर्वेस किंवा पश्चिमेस जाणे ही जवळची वाट नव्हे. मुंबईचा विमानतळ उत्तर अक्षांश १९ अंश ५ मिनिटे आणि पूर्व रेखांश ७२ अंश ५२ मिनिटे यांच्या छेदाजवळ आहे, तर हीथ्रो ५१ अंश २८ मिनिटे उत्तरेस आणि ग्रीनिचच्या पश्चिमेस अर्ध्या अंशाच्या आत आहे. या चार आकड्यांवरून गोलीय त्रिकोणमितीच्या साहाय्याने पृथ्वीच्या मध्याशी होणारा कोन काढला तर तो ६५ अंशांहून किंचित कमी येतो, आणि या कोनाच्या प्रत्येक मिनिटाला एक सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर, असा जो नौकानयनातील जुना व सोयीचा हिशेब आहे त्याप्रमाणे ही वाट सुमारे ३,८९० सागरी मैलांची, अर्थात ७,२०० किलोमीटरांची ठरते. वैमानिक अद्यापि सागरी मैलांतच अंतर मोजतात याचे कारण हेच की त्या मैलाचे नाते थेट पृथ्वीच्या आकाराशी जडलेले आहे.

या रेषेसंबंधीची सर्वांत विस्मयकारक गोष्ट मात्र तिच्या लांबीत नसून दिशेत आहे. लंडनहून पाहता मुंबई आग्नेयेस आहे, असे शाळेतील नकाशा पाहून वाढलेल्या प्रत्येकास वाटते, आणि मुंबई ही लंडनच्या मानाने ३२ अंश दक्षिणेस असल्यामुळे तसे वाटण्यात वावगे काही नाही. तथापि हीथ्रोहून मुंबईकडे जाणाऱ्या सर्वांत जवळच्या वाटेचा आरंभ जवळजवळ तंतोतंत पूर्व दिशेला होतो आणि ती रेषा हळूहळू दक्षिणेकडे वळत वळत मुंबईला पोहोचते. उलट बाजूने पाहिले तर मुंबई सोडताना विमानाचे तोंड वायव्येपेक्षाही थोडे उत्तरेकडे असावयास हवे आणि लंडन गाठताना ते नेमके पश्चिमेकडे. घरात पृथ्वीचा गोल असेल त्याने दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरावा. वरील विधानाची प्रचीती क्षणात येते. भिंतीवरच्या नकाशावर ती येत नाही, कारण मर्केटरने १५६९ मध्ये सिद्ध केलेल्या पद्धतीने काढलेल्या नकाशात होकायंत्राची दिशा न बदलता कापलेली वाट सरळ रेषेने दाखविली जाते आणि खरोखर जवळची वाट उत्तरेकडे फुगलेल्या कमानीसारखी दिसते. दर्यावर्दी लोकांना एकच दिशा धरून जाणे सोपे जात असल्याने त्यांच्यासाठी तो नकाशा वरदान ठरला; परंतु मुंबई-लंडन यांमध्ये त्या नकाशावरील सरळ रेषा धरली तर अंतर ७,४०० किलोमीटरांच्या घरात जाते, म्हणजे दिसण्यातल्या सरळपणापायी २०० किलोमीटरांचा भुर्दंड पडतो.

विस्तीर्ण पृथ्वी आपल्या डोळ्यांना सपाट का भासते याचे विवेचन भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात केले आहे, परिघाचा अल्प अंश पाहिला असता तो सरळच दिसणार आणि मनुष्य पृथ्वीच्या मानाने अत्यंत लहान असल्यामुळे त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात तेवढाच अंश यावयाचा, हा त्यांचा युक्तिवाद ११५० च्या सुमाराचा असून आजही त्यात शब्दाची दुरुस्ती करण्याचे कारण नाही. पुढे पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, हे सिद्ध झाल्यावर ती नेमकी किती चपटी हे मोजण्याच्या कामी आपल्या देशाच्या भूमीचा मोठा उपयोग झाला. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून आरंभिलेले त्रिकोणमितीय सर्वेक्षण द्वीपकल्पाच्या कण्यावरून उत्तरेकडे सरकत असतानाच १८२३ मध्ये वर्ध्याजवळील हिंगणघाट येथे लॅम्बटनचा अंत झाला. त्याचा उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट याने त्या मापनांवरून १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराचे जे प्रमाण बसविले त्यावर या देशाचे नकाशे दीर्घकाळ आधारलेले होते. विषुववृत्तापाशी पृथ्वीची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवापाशी ६,३५७. या २१ किलोमीटरांच्या भेदामुळे मुंबई-लंडन अंतरात पडणारा फरक दहा-वीस किलोमीटरांच्या पलीकडे जात नाही, परंतु आकाशात विमानाचे स्थान काही मीटरांपर्यंत सांगणाऱ्या आजच्या यंत्रणेला तेवढीही ढिलाई चालत नाही.

आता ती आदर्श रेषा कोठून जाते ते पाहू. मुंबई सोडल्यावर ती काठेवाड व कच्छ ओलांडून सिंधच्या किनारपट्टीवरून बलुचिस्तानात शिरते, पूर्व इराणच्या वाळवंटावरून कास्पियन समुद्राच्या दक्षिण भागाकडे जाते, तेथून अझरबैजान व कॉकेशस पर्वत ओलांडून काळ्या समुद्राच्या ईशान्य कडेवर येते, ओडेसा शहराच्या थोड्या उत्तरेकडून युक्रेन पार करते, आणि दक्षिण पोलंड व मध्य जर्मनी यांवरून उत्तर समुद्राच्या टोकाशी येऊन इंग्लंडला पोहोचते. ज्याला गेल्या काही वर्षांच्या जागतिक घडामोडींचे स्मरण आहे त्याला ही नावे वाचताच पुढील अडचणीची कल्पना येईल. तो विषय यथाक्रम येईलच. त्यापूर्वी या अंतराला काळाच्या मापात उतरविण्यासाठी मनुष्याने काय सायास केले ते सांगितले पाहिजे.

सुवेझचा कालवा १८६९ मध्ये खुला होण्यापूर्वी आगबोटीस आफ्रिकेला वळसा घालून जावे लागे आणि मुंबई-लंडन हा जलमार्ग साडेदहा हजार सागरी मैलांहून अधिक होता. कालव्याने तो सुमारे सव्वासहा हजारांवर आणला. त्यातही उतावळा प्रवासी मार्सेय बंदरात उतरून रेल्वेने फ्रान्स पार करीत असे, आणि बोट स्पेनला वळसा घालून जाईपर्यंत हा लंडनमध्ये मुक्कामी असे. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी गांधीजी २९ ऑगस्ट १९३१ रोजी ‘राजपुताना’ बोटीने मुंबईहून निघाले ते मार्सेयमार्गे १२ सप्टेंबरला लंडनला पोहोचले. म्हणजे मेलबोट आणि रेल्वे यांच्या परमोच्च काळातही या प्रवासाला पंधरवडा लागत होता. वास्तविक तोपर्यंत आकाशमार्ग खुला झालेला होता. ‘इंपीरियल एअरवेज’ कंपनीने ३० मार्च १९२९ रोजी लंडन ते कराची अशी नियमित सेवा सुरू केली होती आणि तिला सात दिवस लागत. पण ते सात दिवस अखंड आकाशात जात नसत, कारण रात्री मुक्काम पडे, भूमध्य समुद्र पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने ओलांडावा लागे, आणि बाझलपासून जिनोआपर्यंतचा टप्पा तर उतारूंना चक्क आगगाडीने करावा लागे. कराचीत येऊन पडलेली ही विलायती टपाल पुढे मुंबईस आणण्यासाठीच जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी आपले चिमुकले ‘पस मॉथ’ विमान कराचीहून उडविले आणि अहमदाबादेस थांबून ते जुहूच्या मातीच्या पट्टीवर उतरविले. भारतीय विमानवाहतुकीचा आरंभ या उड्डाणापासून मोजतात. पण त्या दिवसाचे विमान हे लंडन-मुंबई या मार्गाचाच अखेरचा दुवा होते, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

त्यानंतर सोळाच वर्षांनी, ८ जून १९४८ रोजी, स्वतंत्र भारताच्या एअर-इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे विमान मुंबईहून लंडनला निघाले आणि कैरो व जिनीव्हा येथे थांबे घेत १० जून रोजी तेथे पोहोचले. चार पंख्यांच्या त्या विमानाचा वेग ताशी पाचशे किलोमीटरांच्या आसपास होता. कैरो व जिनीव्हा यांमार्गे मोजलेले अंतर ७,९०० किलोमीटरांहून थोडे अधिक भरते. म्हणजे इंधन आणि उतारू यांच्या सोयीसाठी सातशे किलोमीटरांचा वळसा घेऊनही पंधरवड्याचा प्रवास दोन दिवसांच्या आत आला होता. या मार्गाचा इतिहास सांगताना हेही नमूद केले पाहिजे की तेच विमान ३ नोव्हेंबर १९५० रोजी जिनीव्हाच्या वाटेवर मों ब्लां पर्वतावर आदळले आणि त्यातील ४८ माणसांपैकी एकही वाचला नाही. आजच्या विमानांस वादळी ढग आणि हिमशिखरे यांच्या वरून जाता येते, त्या काळच्या विमानांस ती सवलत नव्हती. १९६० च्या उन्हाळ्यात बोइंग ७०७ हे जेट विमान या मार्गावर आले, वेग एकदम ताशी नऊशे किलोमीटरांच्या पातळीवर गेला, आणि आकाशात घालवावे लागणारे तास निम्म्यावर आले.

येथपर्यंतचा प्रवास पाहता एकतीस वर्षांत सात दिवसांचे काही तास झाले, तर पुढील साठ-पासष्ट वर्षांत त्या तासांची मिनिटे व्हावयास हवी होती, असे तर्कशास्त्र सांगेल. तसे मुळीच झाले नाही. थांबे गेले, विमाने मोठी व मितव्ययी झाली, परंतु आजचे नवे कोरे विमान १९६० च्या बोइंगपेक्षा लक्षणीय वेगाने उडत नाही. याचे कारण ध्वनीच्या वेगात आहे. विमाने ज्या दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून जातात तेथे हवेचे तापमान शून्याखाली पन्नास अंशांच्याही खाली असते आणि अशा थंड हवेत ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर एवढाच असतो. विमान या वेगाच्या जवळ जाऊ लागले की पंखांवरून सरकणारी हवा जागोजागी ध्वनीचा वेग ओलांडते, आघातलहरी उत्पन्न होतात आणि प्रतिरोध अकस्मात वाढू लागतो; तेव्हा ध्वनीच्या वेगाच्या पंच्याऐंशी टक्क्यांपाशी, म्हणजे ताशी नऊशे किलोमीटरांपाशी, थांबणे हेच शहाणपणाचे ठरते. ती मर्यादा ओलांडणारे ‘कॉन्कॉर्ड’ १९७६ ते २००३ या काळात प्रवासी नेत होते, पण त्याची इंधनाची भूक आणि जमिनीवर ऐकू येणारा गडगडाट यांमुळे ते बव्हंशी महासागरावरील मार्गांपुरतेच राहिले. सारांश, मुंबई-लंडन हे ७,२०० किलोमीटर ताशी नऊशेच्या वेगाने आठ तासांत संपतात, आणि निवात आकाशात, मोकळ्या वाटेने, याहून कमी वेळ लागणे सध्या संभवत नाही.

परंतु आकाश निवात नसते. मध्य अक्षांशांवर, नेमक्या विमानांच्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्याचे अरुंद व प्रचंड वेगवान ओघ पृथ्वीभोवती सर्पाकार फिरत असतात. त्यांचा वेग ताशी शंभर किलोमीटरांपासून प्रसंगी तीनशेपर्यंत जातो. जपानी शास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० नंतरच्या दशकात फुगे सोडून या वाऱ्यांचा शोध लावला, पण आपला अहवाल जगाला कळावा म्हणून त्यांनी तो एस्पेरांतो या नवरचित भाषेत प्रसिद्ध केला आणि परिणामी तो जगाच्या फारसा वाचनात आला नाही. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून जपानकडे जाणाऱ्या अमेरिकन विमानांना हे वारे प्रत्यक्ष भेटले, तेव्हा कोठे त्यांची चर्चा सुरू झाली.

वारा विमानाला कसा लागू पडतो याविषयी एक सार्वत्रिक गैरसमज आहे. प्रवाहात होडी वल्हविणाऱ्या नावाड्याचा पाण्यातील वेग प्रवाहाने बदलत नाही, काठाच्या मानाने बदलतो. विमानाचेही तसेच आहे, त्याचा हवेतील वेग ताशी नऊशेच राहतो आणि जमिनीच्या मानाने मात्र तो समोरच्या वाऱ्याने घटतो व पाठीच्या वाऱ्याने वाढतो. सोयीसाठी असे धरू की सबंध वाटेवर ताशी शंभर किलोमीटरांचा पश्चिम वारा आहे. जाताना जमिनीवरील वेग आठशे, म्हणून नऊ तास. येताना हजार, म्हणून सात तास बारा मिनिटे. दोहोंची बेरीज सोळा तास बारा मिनिटे होते, सोळा होत नाही. जाताना जे हरवले ते येताना पुरते भरून निघत नाही, कारण प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक वेळ असते. आणि हा तोटा वारा वाढेल तसा झपाट्याने वाढतो. गणिताची ही छोटी करामत मला फार मोलाची वाटते, कारण ‘सरासरी एकच, मग फरक कुठला’ असे म्हणणाऱ्या व्यवहारी बुद्धीला ती एका ओळीत उत्तर देते.

हिवाळ्यात या ओघांपैकी एक उत्तर भारताच्या माथ्यावर, हिमालयाच्या दक्षिण अंगाने, येऊन ठाण मांडतो आणि इराणपासून भारतापर्यंतचा आकाशमार्ग त्याच्या अंमलाखाली जातो; म्हणून डिसेंबर-जानेवारीत लंडनला जाणे विशेष लांबते व परतणे विशेष आटोपते. पावसाळ्यात हा ओघ हिमालयाच्या उत्तरेस सरकतो आणि त्याच्या जागी द्वीपकल्पावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा दुसराच ओघ अवतरतो, ज्याचे सविस्तर वर्णन पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये केले. त्याचा गाभा विमानांच्या नेहमीच्या उंचीच्या वर असला तरी जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई सोडणाऱ्या विमानास आरंभीच्या टप्प्यात समोरच्या वाऱ्याशी झुंजावे लागत नाही, हेही थोडे नव्हे. लंडन आणि वॉशिंग्टन येथील दोन जागतिक केंद्रांकडून येणारे उंचावरील वाऱ्यांचे अंदाज घेऊन कंपनीचे नियोजक प्रत्येक उड्डाणाच्या आधी त्या दिवसाची वाट आखतात. पाचपन्नास किलोमीटर अधिक तोडून वाऱ्याचा लोट टाळता येत असेल तर ते तसे करतात, आणि मग लांबची वाट लवकर पोहोचविणारी ठरते. लांब पल्ल्याचे मोठे विमान ताशी सात-आठ टन इंधन जाळते हे लक्षात घेतले म्हणजे वाचविलेल्या दहा मिनिटांची किंमत कळते. उंचीचीही एक शिस्त आहे: समोरासमोर येणाऱ्या विमानांची टक्कर होऊ नये म्हणून पूर्वेकडे जाणाऱ्यांना विषम हजार फुटांचे आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम हजार फुटांचे थर नेमून दिलेले असतात, त्यामुळे लंडनला जाणारे विमान ३४ किंवा ३६ हजार फुटांवर तर परतणारे ३५ किंवा ३७ हजारांवर असते, इंधन जळून विमान हलके होत जाईल तसतसा त्याला वरच्या विरळ थरात चढण्याचा परवाना मागता येतो.

वारा निसर्गाचा, त्याला उपाय हिशेबाचा. सरहद्दीला मात्र हिशेब पुरत नाही. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या करारनाम्याच्या पहिल्याच कलमान्वये प्रत्येक राज्याची आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण व अनन्य सत्ता मान्य झालेली आहे. आकाश सर्वांचे ही कवीची भावना कितीही रम्य असली तरी कायद्याच्या दप्तरी तिला जागा नाही. नियमित सेवेच्या विमानास परक्या हद्दीतून नुसते पार जाण्यासही त्या राज्याची अनुमती लागते, आणि विमानाचे वजन व त्या हद्दीत कापलेले अंतर यांवरून ठरविलेली एक प्रकारची जकातही भरावी लागते. पूर्वीच्या काळी घाटमाथ्यावरील नाक्यांवरून व्यापाऱ्यांच्या वाटा ठरत, तसा काहीसा प्रकार दहा किलोमीटर उंचीवर आजही चालू आहे.

शीतयुद्धाच्या दिवसांत कास्पियन समुद्रापासून पोलंडच्या सीमेपर्यंतचा आपल्या रेषेचा मोठा भाग सोव्हिएत हद्दीत मोडत असे. ती राजवट गेली, वाट बरीच सरळ झाली. आणि मग २४ फेब्रुवारी २०२२ पासून युद्धामुळे युक्रेनचे आकाश नागरी विमानांस बंद झाले ते अद्याप तसेच आहे. पूर्वेच्या टोकाशी पाकिस्तानने २०१९ च्या फेब्रुवारी अखेरीपासून १६ जुलैपर्यंत आपली हद्द बंद ठेवली होती, आणि २४ एप्रिल २०२५ रोजी ती भारतीय विमानांस पुनश्च बंद केली. मधल्या इराणवरचे आकाश जून २०२५ मधील युद्धात बंद पडले. म्हणजे ज्या रेषेला आपण सर्वांत जवळची वाट म्हटले तिचे आरंभीचे, मधले आणि शेवटच्या बाजूचे असे तुकडे अलीकडच्या काही वर्षांत निरनिराळ्या वेळी कापले गेले. दिल्लीकरांच्या मानाने मुंबईकर यात सुदैवी म्हटले पाहिजेत. मुंबईच्या पश्चिमेस खुला समुद्र असल्यामुळे अरबी समुद्रावरून ओमानच्या बाजूने आखाती प्रदेश गाठणे त्यांच्या विमानास फारसे महाग पडत नाही, तर दिल्लीहून निघालेल्या विमानास त्यासाठी आधी दक्षिणेकडे पुष्कळ उतरावे लागते. नकाशावरच्या या वळणांत उतारूला अर्ध्या-पाऊण तासाचा उशीर तेवढा दिसतो; पण त्या वळणांखाली लोकांची घरे जळत असतात, हे खिडकीशी बसलेल्याने विसरू नये असे मला मनापासून वाटते.

विमान वेळेवर निघाले आणि वाट मोकळी मिळाली तरी दोन्ही टोकांचा हिशेब उरतोच. वेळापत्रकात छापलेला काळ चाकांनी जमीन सोडल्यापासून मोजलेला नसतो. विमान आपल्या जागेवरून हलले तेथून, दुसऱ्या विमानतळावर ते नेमल्या जागी स्थिर होईपर्यंतचा तो सगळा काळ असतो. मुंबईच्या जुन्या विमानतळास धावपट्ट्या दोन आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींस छेदतात, आणि म्हणून एका वेळी दोन्हींचा स्वतंत्र उपयोग होत नाही. गर्दीच्या वेळी रांगेत वीस-पंचवीस मिनिटे मोडली तर आश्चर्य मानू नये. हीथ्रोच्या दोन धावपट्ट्या समांतर आहेत, परंतु तेथील राबता इतका दाट की वर्षाकाठी ४,८०,००० उड्डाणे-अवतरणे अशी कमाल मर्यादाच घालून दिलेली आहे. आणि सकाळच्या गर्दीत येणारी विमाने बोव्हिंगडन, लॅम्बोर्न, ऑकम व बिगिन या चार नेमलेल्या ठिकाणी थरावर थर असे घिरट्या घालीत आपल्या पाळीची वाट पाहतात. तेथे वारा बहुतांश पश्चिमेचा असल्याने विमाने पश्चिमाभिमुख उतरतात. मुंबईहून पूर्वेच्या बाजूने आलेल्या विमानास ते सोयीचे पडते, आणि परतीच्या विमानास मात्र आधी पश्चिमेकडे उडून मग पूर्वेकडे वळावे लागते.

सर्वांत शेवटी घड्याळ. दुपारी एक वाजता मुंबई सोडून हिवाळ्यात सायंकाळी साडेपाचला लंडनला उतरलेल्या मनुष्यास प्रवास साडेचार तासांचा झाला असे वाटेल. त्याने दहा तास घालविलेले असतात आणि साडेपाच तास त्याला घड्याळाने परत केलेले असतात. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो याचे गणितही मनोहर आहे. विषुववृत्तावरील बिंदू पृथ्वीच्या परिवलनामुळे ताशी १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरतो, मुंबईच्या अक्षांशावरील बिंदू सुमारे १,५८०, आणि लंडनच्या अक्षांशावरील अवघा १,०४०. आपली वाट लंडनजवळ नेमकी पश्चिमाभिमुख होते हे वर सांगितलेच आहे. तेव्हा त्या शेवटच्या टप्प्यात ताशी साडेआठशेच्या वेगाने जाणारे विमान सूर्याच्या जवळजवळ बरोबरीने चालत असते आणि आकाशातील सूर्याची गती पाच-सहा पटींनी मंदावलेली दिसते. परतताना हेच उलट घडते, रात्र आखडते, आणि शरीरातील स्वाभाविक कालगणनेचा आवर्त चोवीस तासांहून किंचित मोठा असल्याने लांबलेल्या दिवसापेक्षा आखडलेला दिवस मनुष्यास अधिक जाचतो. मुंबईस परतलेल्यांची झोप चार-सहा दिवस ठिकाणावर येत नाही त्याचे कारण हे.

घड्याळांतील हे अंतर तरी मुळात निसर्गदत्त कोठे आहे? भारतीय प्रमाणवेळ ही मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची असून १९०६ पासून ती अमलात आली, तरी मुंबईने आपला स्वतंत्र ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत टिकवून ठेवला होता आणि तो ग्रीनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे, म्हणजे मुंबईच्या खऱ्या सूर्याला धरून होता. टाटांचे विमान जुहूला उतरले त्या दिवशी शहरात दोन वेळा नांदत होत्या. असला घोटाळा आकाशात चालणारा नाही म्हणून वैमानिक, हवामानखाते आणि वाहतूक-नियंत्रक या साऱ्यांचे दस्तऐवज जगभर एकाच वेळेत लिहिले जातात, आणि ती वेळ ग्रीनिचच्या रेखावृत्ताशी जुळती ठेवलेली आहे. स्थानिक वेळ लिहिली जाते ती उतारूंच्या तिकिटावर. तीही वर्षातून दोनदा फिरते: मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडातील घड्याळे तासाने पुढेमागे होतात, साडेपाच तासांचे अंतर साडेचारांवर येते व पुन्हा साडेपाचांवर जाते, आणि विमान कंपन्यांची उन्हाळी व हिवाळी वेळापत्रके त्याच दिवसांपासून अमलात येत असल्यामुळे, जेथील घड्याळे जागची हलतही नाहीत त्या मुंबईतही लंडनच्या विमानाची सुटण्याची वेळ त्या रविवारी बदललेली आढळते.